हँडीकॅम एचडी घ्यावा की एसडी? आमच्या घरातला अठरा वर्षं जुना प्रश्न

दादाच्या मुलीच्या बारशाची तारीख ठरली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन वाद सुरू झाले. एक, नाव काय ठेवायचं. दुसरा, शूटिंग कशावर करायचं.

नागपूरच्या काकांचं म्हणणं, फोनवर कसलं शूटिंग करता, चांगला फोर के कॅमकॉर्डर घेऊन टाका, पुढे मुंजी-लग्नं आहेतच. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, यंदा कॉलेजला गेली आहे. तिला बरोबर उलटं हवं होतं. हल्ली इन्स्टाग्रामवर जुन्या हँडीकॅमच्या धुरकट रील्सची फॅशन आहे ना, तसं काहीतरी. "मोठ्या काकांकडे तो जुना कॅमेरा आहे ना, तोच काढा." बाबांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लोखंडी कपाटावर ठेवलेल्या काळ्या बॅगेचा एक फोटो टाकला. आत कॅमेरा, फुगलेली बॅटरी आणि अकरा छोट्या कॅसेट. एका कॅसेटवर आईच्या अक्षरात लिहिलेलं: "मुंज शेवट + बारसं, नोव्हें. २००७."

बारसं कुणाचं? त्याच चुलत बहिणीचं. तेव्हा काका-काकू आमच्यासोबत तात्यापाऱ्यातल्या घरात राहत होते. आणि त्या बारशाला पाळणा म्हटला होता आमच्या आजीने. तो पाळणा तिच्या आईकडून तिला आलेला, अमरावतीकडचा. आजी २०११ मध्ये गेली. आईला त्याची दोन कडवी येतात, काकूला तिसऱ्याची सुरुवात. पुढचं कुणालाच येत नाही. म्हणजे तो पाळणा पूर्ण असा जगात एकाच ठिकाणी होता, त्या कॅसेटमध्ये. आणि कॅमेरा सुरू होत नव्हता.

२००७ मध्ये बाबांनी काय घेतलं होतं

दादाची मुंज ठरली तेव्हा बाबा मालवीय रोडवरच्या एका दुकानात हँडीकॅम घ्यायला गेले. मी सात वर्षांची, त्यांच्या बोटाला धरून. खरं तर हँडीकॅम हे सोनीचं नाव, १९८५ पासूनचं. पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कॅमकॉर्डर हा हँडीकॅमच. दुकानात दोन प्रकार होते. एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेफिनेशन, १७-१८ हजारांचा. आणि एचडी, त्याच्या तिपटीच्या वर. बाबांना एचडीचा मोह झाला होता, असं ते आता कबूल करतात. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला: "भाईसाहब, घर में टीवी कौन सा है?" घरी डब्बा टीव्ही होता, २१ इंची. विषय संपला.

दुकानदाराचं तेव्हा चुकलं नव्हतं. भारतात दूरदर्शनने एचडी प्रसारण सुरू केलं तेच २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी. त्याआधी तीन वर्षं रायपूरच्या मध्यमवर्गीय घरात एचडी शूटिंग दाखवायचं तरी कशावर? संगणकांचंही तेच. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी नावाचा एचडीचा नवा प्रकार आणला होता. तो इतका दाबून साठवलेला असायचा की त्या काळच्या घरगुती संगणकावर ती फाईल धडपणे चालायचीसुद्धा नाही, एडिटिंग तर लांबच राहिलं.

तेव्हा स्टिकरवर "८००एक्स डिजिटल झूम" असंही ठळक लिहिलेलं असायचं. त्यातला खरा, भिंगाचा झूम २० पट. उरलेला नुसता चित्र ताणण्याचा खेळ. मुंजीच्या शूटिंगमध्ये भटजींच्या कानाचे चार मिनिटं चौकोन चौकोन दिसतात, ते बाबांना तो ८००एक्स वापरून बघायचा होता म्हणून.

आकड्यांत फरक किती

थोडं गणित सांगते, पुढे लागेल. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार. बरोबर पाचपट. फोर के त्याच्या चौपट, जवळपास ८३ लाख.

त्यामुळे एचडी पाचपट चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर पाचपट ठिपके बसवले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. सुरुवातीचे घरगुती एचडी कॅमेरे ट्यूबलाइटच्या उजेडात रवाळ चित्र द्यायचे ते यामुळेच. आणि आपले घरगुती सोहळे होतात कुठे? ट्यूबलाइटखाली.

दुसरी गोष्ट मला या कॅसेटच्या निमित्ताने पहिल्यांदा कळली. बाबांच्या कॅमेऱ्यात लागायची ती मिनीडीव्ही कॅसेट, १९९५ मध्ये आलेली. त्याच कॅसेटवर एचडी साठवायची एचडीव्ही नावाची पद्धत २००३ मध्ये जाहीर झाली. कॅसेट तीच, तास तोच, सेकंदाला साठणारी माहितीही साधारण तेवढीच, २५ मेगाबिट. मग त्यात एवढं मोठं चित्र मावलं कसं? एसडीमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलं जायचं. एचडीव्हीमध्ये एक पूर्ण चित्र आणि पुढच्या दहा-बारा चित्रांत फक्त काय बदललं त्याची नोंद. कॅसेटवर कुठे ओरखडा पडला, तर एसडीत एखाद्या चित्रात दोन-चार चौकोन दिसतात. एचडीव्हीत तो सगळा गट जाऊ शकतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठतं.

आणि आवाज. त्या एसडी कॅसेटवर आवाज अजिबात न दाबता साठतो. मेनूमध्ये १६-बिट निवडलेलं असेल तर तो जवळपास ऑडिओ सीडीच्या तोडीचा. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या दोन्हींत आवाज दाबलेला. बाबांनी मेनूत जाऊन १६-बिट केलं होतं का? केलं होतं. का, ते त्यांना आठवत नाही. "१६ हा आकडा १२ पेक्षा मोठा होता म्हणून," असं त्यांचं उत्तर.

कॅसेटमधून बाहेर काढताना

आता खरी गोष्ट. तुमच्या घरातही अशी बॅग असेल तर हा भाग नीट वाचा, कारण आम्ही पहिल्या फेरीत चूक केली.

दादाने कॅसेट घेऊन शहरातला एक स्टुडिओ गाठला. त्यांनी दोन दर सांगितले. साधं कन्व्हर्जन आणि "एचडी कन्व्हर्जन", दुप्पट पैशांत. आपल्या आजीसाठी कोण साधं घेईल? चार दिवसांनी पेन ड्राइव्ह आला. टीव्हीला लावला आणि आई म्हणाली, "या कोण?"

आजी बारीक होती. पडद्यावरची बाई गुबगुबीत होती, कारण ४ बाय ३ चं चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवलं होतं. हे एक वेळ टीव्हीच्या सेटिंगमध्ये ठीक करता आलं असतं. पण त्यांनी एआयवाल्या सॉफ्टवेअरमधून चित्र "साफ" करून घेतलं होतं. आजीची त्वचा मेणासारखी गुळगुळीत. आणि तिच्या कपाळावरचं गोंदण गायब. हिरवट, मोहरीएवढा ठिपका. इथल्या शेजारणी हातभर गोदना मिरवायच्या, आजी म्हणायची, माझं आपलं एवढंच. सॉफ्टवेअरला तो चित्रावरचा डाग वाटला असणार. आईने टीव्ही बंद केला.

तर पहिली गोष्ट: कॅसेटवर जे कधी टिपलंच गेलं नाही, ते कुठल्याही कन्व्हर्जनने येत नाही. ४ लाख पिक्सेलचे २० लाख केले, तर वरचे १६ लाख अंदाजाने भरलेले असतात. चित्र मोठं करायचं काम तुमचा टीव्ही तसाही करतोच. "एचडी कन्व्हर्जन"चे जास्तीचे पैसे देऊ नका. त्याऐवजी मूळ डीव्ही फाईल मागा.

आम्हाला हे सांगितलं लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी. आता ते निवृत्त आहेत, पण त्यांच्याकडे चालू मिनीडीव्ही कॅमेरा आणि एक जुना डेस्कटॉप आहे, ज्याला फायरवायरची खाच आहे. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिलाच आय-लिंक म्हणतात. मिनीडीव्हीवर सगळं आधीच आकड्यांत साठलेलं असतं, त्यामुळे फायरवायरने होते ती नक्कल, जशीच्या तशी. पिवळी-पांढरी-लाल वायर लावून यूएसबी डोंगलमधून घेतलं तर चित्र आधी अ‍ॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि दोन्ही वेळा थोडं झिजतं. कॅमेऱ्याला यूएसबीची खाच असली तरी फसू नका. त्या काळी ती मुख्यतः फोटो उतरवायला असायची.

काकांनी कॅसेट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय केलं असेल? पाठीमागची छोटी सरकपट्टी "सेव्ह"कडे ढकलली. ती "आरईसी"कडे होती! म्हणजे इतकी वर्षं कुणाच्याही हातून चुकून लाल बटण दाबलं गेलं असतं तर आजीवर काहीतरी दुसरंच रेकॉर्ड झालं असतं. (व्हीएचएस कॅसेटला अशी सरकपट्टी नसते, तिथे प्लॅस्टिकचा दात मोडायचा असतो.) मग त्यांनी खिडकीपाशी नेऊन बुरशी आहे का ते बघितलं. पांढरा भुरका थर दिसला तर ती कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालायची नाही. कॅसेट तर खराब होतेच, मशीनचं हेडही जातं. आमचं नशीब, रायपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो तरी कपाटाची ती बाजू भिंतीआड होती आणि पावसाळ्यात आई बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायची. बुटांच्या खोक्यातून काढलेल्या. शेवटी त्यांनी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली, चिकटलेली फीत मोकळी व्हावी म्हणून.

त्यांच्याकडे विनडीव्ही नावाचं एक इवलंसं फुकट सॉफ्टवेअर होतं. घाई इथे चालत नाही. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, आणि त्याची फाईल होते साधारण १३ जीबीची.

तो तास आम्ही पाच जण त्या खोलीत बसून होतो. पहिली चाळीस मिनिटं मुंजीची, त्यात कूलरचा आवाज इतका की मंगलाष्टकं पत्र्याच्या शेडमध्ये चालल्यासारखी. मग एकदम शांत. नोव्हेंबर. पंखासुद्धा बंद. पाळण्याची दोरी, काकूचा हात, आणि आजी. कॅमेऱ्याच्या मोटरची बारीक घरघर मागे आहे, मध्ये एकदा कुकरची शिट्टी होते. पण शब्द न् शब्द ऐकू येतो. सहा कडवी आहेत. आम्हाला वाटलं होतं चारच.

आई वहीत लिहून घेत होती. काकांना दोनदा कॅसेट थांबवायला सांगत होती आणि ते दोनदा म्हणाले, "वहिनी, आता थांबवता येत नाही, नंतर फाईलमध्ये हवं तितक्यांदा ऐका."

घरी आणलेली ती १३ जीबीची फाईल आता तीन ठिकाणी आहे. आमच्या हार्ड डिस्कवर, नागपूरला काकांकडे आणि दादाच्या क्लाउडवर. ग्रुपवर पाठवायला वेगळी छोटी एमपी४ केली. तुम्ही हे काम कुणाकडून करून घेणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट नक्की सांगा. एसडी कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपतो, एकाआड एक ओळींची. ती जोडून २५ केली तर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात किंवा हालचाल तुटक होते. "५० फ्रेमची एमपी४ द्या" म्हटलं की समजणाऱ्या माणसाला कळतं. ज्याला नाही कळलं, त्याच्याकडे कॅसेट देऊ नका.

कॅसेटऐवजी तुमच्याकडे त्या छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडी असतील तर वेगळाच घोळ असतो. शूटिंगनंतर ती डिस्क कॅमेऱ्यातच "फायनलाइज" करावी लागायची. नसेल केली तर दुसऱ्या प्लेअरमध्ये ती कोरीच दिसते. कोरी समजून फेकू नका, तोच कॅमेरा शोधा. आणि व्हीएचएसवाल्यांनी अजिबात वेळ काढू नये. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी होती. आता चालू मशीनं आहेत तेवढीच आहेत. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चासुद्धा आज काही भागच उरला आहे. तो तर देशाचा ठेवा होता, आपली कॅसेट कोण सांभाळणार?

मग बारशाला काय वापरलं

काकांचा फोर के कॅमकॉर्डर बघायला मी आणि दादा जयस्तंभ चौकाजवळच्या दोन दुकानांत गेलो. "एचडी दाखवू की एसडी?" असं विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने मेमरी कार्ड काढून समोर ठेवलं. त्याचं बरोबरच होतं, त्याच्या वयाच्या मुलांसाठी एसडी म्हणजे कार्डच. घरगुती कॅमकॉर्डर आता दुकानात जवळपास नसतातच. ऑनलाइन स्वस्तात "फोर के कॅमकॉर्डर" दिसतात, ज्यांच्या कंपनीचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर कमी पिक्सेलचा असतो आणि चित्र आतल्या आत ताणून फोर के म्हणून दिलेलं असतं. बाबांचा ८००एक्सच, नव्या खोक्यात. चांगल्या कंपनीचा कॅमकॉर्डर भिंगाच्या झूमसाठी घेण्यात अर्थ आहे, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला शेवटच्या रांगेतून शूटिंग करायचं असेल तर. बारशाच्या खोलीत पाळणा हातभर अंतरावर असतो.

म्हणून फोन. त्यात १०८०पी की फोर के? आयफोनच्या सेटिंगमध्येच हिशेब लिहिलेला आहे: ३० फ्रेमला १०८०पी मिनिटाला साधारण ६० एमबी, फोर के १७०. दोन तासांचं फोर के म्हणजे २० जीबी. ऐन नाव ठेवायच्या वेळी "स्टोरेज फुल" हवं असेल तर खुशाल ठेवा. आम्ही १०८०पी ठेवलं आणि फक्त पाच मिनिटांच्या मुख्य भागाला फोर के. माझ्या मते घरच्या कार्यक्रमाला एवढं भरपूर झालं.

आणखी एक सेटिंग जे सहसा कुणी बघत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि फोन बहुधा ३० फ्रेमवर ठेवलेले. त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकतात. आयफोनमध्ये "शो पाल फॉरमॅट्स" चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. काही अँड्रॉइड फोनमध्येही प्रो व्हिडिओत तो मिळतो. गंमत बघा, बाबांचा एसडी कॅमेरा हे न सांगता करायचा.

आवाजासाठी दुसरा फोन. जुना चालेल. त्यावर नुसता व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून तो पाळण्याजवळ, उशीखाली नव्हे, उशीशेजारी ठेवला. कूलर पाच मिनिटं बंद. मामांनी तक्रार केली, पण केला बंद. नंतर व्हिडिओ ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवला. साधा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप दाबून दाबून त्याचा पुन्हा एसडी करतं.

चुलत बहिणीने काकांचा जुना मिनीडीव्ही कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणलाच. नवी कॅसेट मिळाली नाही, म्हणून आमच्या अकरांपैकी एक, जिच्यात बाबांनी चुकून पाऊण तास भिंत टिपली होती, ती वापरली. त्या भिंतीचीही मी आधी कॉपी करून घेतली. घरातलं कुणी हसलं नाही.

पाळणा आई आणि काकूने म्हटला, वहीत बघून, सहाच्या सहा कडवी. आजी जिथे बहिणीचं नाव घालते तिथे नवं नाव घातलं आणि ते नेमकं बसलं, दोन्ही नावं तीन अक्षरी. पाचव्या कडव्यात मात्र आजीला टेपमध्ये ठसका लागला आहे. एक शब्द त्यात गेलाय. आईने हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकलं, अमरावतीच्या मावसआजीला फोन करून विचारलं, नाही लागला. तिथे आल्यावर दोघींनी नुसतं गुणगुणून घेतलं आणि पुढच्या ओळीला गेल्या.